मला उभ्यानं झोका खेळायचा होता

तुमच्या घरात आत्ता कुणाचं तोंड वाकडं झालं असेल, हात लुळा पडला असेल, बोबडी वळली असेल, तर हे वाचत बसू नका. अंगावरचं पांघरूण काढा, गाडी करा आणि मोठ्या दवाखान्यात न्या. वाचायचं नंतर बघू. मी कुठं पळून चाललेय? पळता येत नाही मला अजून.

पण ज्यांचा तो पहिला दिवस होऊन गेलाय आणि जे खाटेवर पडून वरचा पंखा बघून राहिलेत, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. मी शाळा शिकलेली बाई नाही. पोराला अभ्यासाला बसवायचं आणि त्याच्या मागं बसून आपणही अक्षरं गिरवायची, असं करत वाचायला शिकले. म्हणून जशी बोलते तशीच लिहिते. कुठं लांबण लागली तर पान उलटा, मला राग नाही.

वारं गेलं

होळी जवळ आली होती. आमचं गाव निलंगा तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. सकाळी मी चहा ठेवला आणि बशी घ्यायला हात पुढं केला. हात गेला, पण बशी काही उचलली जाईना. मला वाटलं हाताला मुंग्या आल्यात. दुसऱ्यांदा उचलायला गेले तर बशी खाली, आणि तिच्या पाठोपाठ मी.

मालक धावत आले. मालक म्हणजे माझे यजमान, आमच्याकडं असंच म्हणतात. शेजारच्या घरातून माझी धाकटी जाऊ महानंदा आली आणि दारातूनच ओरडली, "अगं बया, बाईच्या अंगावरून वारं गेलं!"

लकव्याला आमच्याकडं वारं गेलं म्हणतात. आणि वारं गेलं म्हटल्यावर पहिलं काम काय करतात माहीत आहे का? वारं बंद करतात. दार लावलं, खिडकीत चादर खोचली, माझ्यावर घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वाकळा टाकल्या. तिळाच्या तेलात लसूण कडकडून ते चोळायला घेतलं. कुणीतरी म्हणालं, पारव्याचं रक्त लावलं की वारं उतरतं, तर एकजण पारवा धरायला पळालासुद्धा. सगळी आपलीच माणसं, सगळ्यांच्या डोळ्याला पाणी, आणि त्या मायेच्या ढिगाखाली मी घामानं निथळत पडलेली. मला सगळं ऐकू येत होतं. "दार उघडा" म्हणायचं होतं. तोंडातून नुसतं "बा बा बा" येत होतं, आणि ते ऐकून मालक म्हणायचे, "हाव हाव, हितंच हाय मी."

त्याच वेळी नांदेडहून सुनेचा व्हिडिओ फोन आला. सविता माझी एकुलती सून, तिकडं एका शाळेत शिकवते. कुरडयांचा गहू कधी भिजवायचा हे विचारायला तिनं फोन केला होता.

मालक म्हणाले, "तुझ्या सासूच्या अंगावरून वारं गेलंय. झोपवलंय. दुपारपर्यंत उतरंल."

"बाबा, फोन आईंच्या तोंडाकडं करा. मला त्यांचं तोंड दाखवा."

त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. सविताचा चेहरा त्या इवल्याशा काचेत पांढरा पडलेला मला दिसला, आणि मग तिचा आवाज सगळ्या घरानं ऐकला.

"पांघरुणं काढा! दार उघडा! बाबा, आत्ताच्या आत्ता गाडी करा आणि लातूरला न्या! पारवा-बिरवा काही नाही! तोंडात पाणीसुद्धा घालू नका!"

लग्न होऊन आल्यापासून या पोरीनं सासऱ्यापुढं मान वर केली नव्हती. मालक अजून सांगतात, "त्या दिवशी फोनवर सून नव्हती, फौजदार होता."

लातूर

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय. उशीर झालाय, पण हाताबाहेर गेलेलं नाही. त्या वाकळांखाली अर्धा दिवस काढला असता तर आज हे लिहायला मी नसते, किंवा असते पण लिहिता आलं नसतं.

दवाखान्यात दिवस कसा जातो ते तुम्हाला सांगायला नको. नाकात नळी, खाली नळी. पहाटे अंग पुसणं, मग डॉक्टरांची फेरी, मग रक्त, मग पाहुणे. पाहुण्यांबद्दल थोडं बोलते. लकवा झालेल्या माणसाला ऐकू येतं, हे पाहुण्यांना कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे. माझ्या खाटेशी उभं राहून, पारले बिस्किटाचा पुडा उशाशी ठेवून बाया म्हणायच्या, "कशी हिंडती फिरती बाई होती! देवानं असं ठेवू नये, त्यापरीस नेलेलं बरं." मी आतून म्हणायची, तुलाच नेऊ दे की आधी.

भीती मात्र खरी होती, ती लपवत नाही. मरायची एवढी नव्हती. बोलता येणार नाही याची होती. माझ्यासारख्या बडबड्या बाईला देवानं जीभ ठेवून शब्द काढून घ्यावेत! आणि एक विचित्र गोष्ट व्हायची. उगीच रडू यायचं, उगीच हसू यायचं, थांबवता यायचं नाही. कुणी गंभीर तोंडानं बोलायला लागलं की मी फसकन हसायची. मला वाटलं डोकंही गेलं. तसं नसतं. या आजारात असं होतं आणि हळूहळू जातं. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर निम्मी भीती कमी झाली असती, म्हणून तुम्हाला सांगते.

आणि काही चांगलंही होतं. एक आयाबाई रोज माझी वेणी घालायची आणि घालता घालता स्वतःच्या सासूच्या चहाड्या सांगायची. मी आजारी आहे हे ती विसरून जायची. तेवढा वेळ मीही विसरायची.

मालक दिवसभर पायाशी बसून माझा गेलेला पाय दाबायचे. नर्स म्हणाली, "काका, त्यांना कळत नाही त्या पायाला." हे म्हणाले, "कळंल एक दिस. त्याला काय घाई हाय?" एका दुपारी ते नेहमीसारखे दाबत होते आणि माझ्या तोंडून नीट, स्वच्छ निघालं, "हळू. दुखायलंय."

ते उठले आणि धोतर सावरत सगळ्या वॉर्डभर पळत सुटले. "दुखायलंय म्हणली! बाई, दुखायलंय म्हणली!" मग खाली जाऊन पेढे आणले. बायको दुखतंय म्हणाली म्हणून पेढे वाटणारा माणूस त्या दवाखान्यानं पहिल्यांदाच बघितला असेल.

आराम कर

लातूरहून मला नांदेडला आणलं, मालकही बरोबर आले. माझा मुलगा दत्ता विष्णुपुरीकडं राहतो, तिथल्या कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला आहे. त्यानं माझ्यासाठी पुढची खोली रिकामी केली, टीव्ही लावला, हाताशी घंटी ठेवली. आणि रोज कामाला जाताना एकच वाक्य, "आई, आता तू फक्त आराम कर."

चांगला पोरगा आहे. पण आरामासारखा दुसरा तुरुंग नाही. मला उठवायचं सविताला, बसवायचं सविताला, न्हाणीत न्यायचं सविताला. जिला मी पदर सावरून बोलायला लावलं तिच्यापुढं मी उघडी बसायची. पहिले काही दिवस मी भिंतीकडं तोंड करून रडले. तिची शाळेतली रजा संपत आली होती. एकदा स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, दबका, पण चिडलेला. "तुम्ही घंटी ठेवली. घंटी वाजली की पळायचं कुणी, तुम्ही का मी?" दत्ता काहीतरी पुटपुटला.

मी त्या दिवसापासून घंटी वाजवणं सोडलं. त्यानं काय झालं, दोनदा अंथरूण भिजलं आणि सविताचं काम वाढलं. मग तीच माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "आई, माझा राग तुमच्यावर नाही. पण तुम्ही मनातून उठायचं ठरवलंच नाही, असं मला दिसून राहिलंय. त्याचा येतो राग."

मला ते लागलं. खरं होतं म्हणून लागलं.

नसरीनचा प्रश्न

व्यायाम करून घ्यायला आम्ही ज्या जागी जायचो तिथं नसरीन नावाची पोरगी होती. नांदेडच्या जुन्या वस्तीतलं घर, वडलांचं शिलाईचं दुकान. मराठी आपल्यासारखंच, मधूनच "नक्को" म्हणायची. मला माय म्हणायची.

पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "माय, तुम्हाला काय करायचंय?"

मी म्हणाले, "तू सांगशील ते."

"मी कशी सांगू? तुम्हाला काय करायचंय ते सांगा, तसा व्यायाम बसवते."

मी विचार करून म्हणाले, "सुनेला माझा त्रास व्हायला नको."

"हे सुनेचं झालं."

"पोराला घोर लागायला नको."

"हे पोराचं. तुमचं सांगा."

माझं? मी तोंड उघडलं आणि काहीच निघेना. या वेळी ते आजारपणामुळं नव्हतं. जन्मात हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्न झालं. मग सासूला काय पाहिजे, मालकांना काय पाहिजे, पोराचं शिक्षण, दिराच्या पोरींची लग्नं. सगळं ठरवलं, सगळं पार पाडलं. शेजारी म्हणायचे, बाईनं मनात घेतलं की होतंच. पण मनात घेतलेलं सगळं दुसऱ्याचं होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर उमरीचे एक काका होते, त्यांचाही उजवा हात गेलेला. ते लगेच म्हणाले, "मला विचारा की! मला माझ्या हातानं तंबाखू मळायचीय."

नसरीन म्हणाली, "काका, ते सोडून बोला. त्यानंच तर इथं आलात."

काकांनी डाव्या हातानं मिशी चाचपली. मग म्हणाले, "बरं. मग मिशीला पीळ द्यायचाय."

"हे चालतंय!" म्हणाली नसरीन, आणि खरंच त्यांना चिमटीचे व्यायाम दिले. मी त्यांच्याकडं बघत राहिले. म्हातारा माणूस, पण कसं फटकन सांगून मोकळा झाला! मला घरी जाऊन चार दिवस विचार करावा लागला.

झोका

आमच्याकडं येळवस असते. पुस्तकात तिला वेळ अमावस्या म्हणतात. थंडीत, मार्गशीर्षाच्या अमावस्येला सगळं गाव घरांना कुलपं लावून शेतात जातं. कडब्याची कोपी म्हणजे खोपटं करायचं, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, कोपीला नवी शाल पांघरायची, पूजा करायची आणि मग सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, माठातली ताकाची गार आंबील. ओळखीचा, बिनओळखीचा, शेताच्या बांधावरून जाणारा कुणीही हात धरून जेवायला बसवायचा. आणि झाडाला झोका बांधायचा.

माहेरी असताना मी त्या झोक्यावर उभी राहून असा चढवायची की पायाचे अंगठे चिंचेच्या शेंड्याला लागायचे. खालून पोरी ओरडायच्या, आई शिव्या द्यायची. सासरी आले ती सून म्हणून. येळवशीला सून काय करते? आदल्या दिवसापासून भाज्या निवडते, पहाटे उठून भज्जी शिजवते, डोक्यावर आंबिलीचा माठ घेऊन शेतात जाते आणि दिवस मावळेपर्यंत वाढते. वाढून हात धुवून झोक्याकडं बघावं तर गडीमाणसं दोर सोडत असायची. दर वर्षी मी मनात म्हणायची, पुढच्या साली. मग मीच सासू झाले, आणि सासूनं झोका खेळायचा म्हणजे लोक काय म्हणतील! इतकी वर्षं झाली, पण कुणी मला नको म्हणालं नव्हतं. मी कुणाला म्हणालेच नव्हते की मला पाहिजे.

पाचव्या दिवशी मी नसरीनला सांगितलं, "येळवशीला मला उभ्यानं झोका खेळायचाय."

तिला वाटलं मी चेष्टा करून राहिले. मग तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. म्हणाली, "उभ्यानं? हात, गुडघे, पोट, तोल, सगळंच लागतंय की माय त्याला."

"मग शिकव की सगळंच."

"शिकवते. पण डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय दोराला हात लावायचा नक्को. अन् मी तुम्हाला जमंलच असं सांगणार नाही."

"मी तरी कुठं सांगायलेय?"

घरात हे कळलं तेव्हा दत्ता ताटावरून उठला. "आई, तुला वेड लागलं का? लोक चालायला लागले तरी नवस फेडतात आणि तुला झोका पाहिजे? पाय मोडला म्हणजे?"

मालक जेवतच राहिले. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणत्या झाडाला?"

महानंदाला मी फोनवर सांगितलं तर ती हसून हसून खोकायला लागली. "मसणात गवऱ्या गेल्या अन् हिला झोका पायजे! बाई, लोक म्हणतील वारं डोक्यातून गेलं."

"म्हणू दे. तू येशील ना बघायला?"

"येईन की. धरायला कुणी तरी पायजेच ना तुला."

धरता आलं, सोडता येईना

त्यानंतरचा उन्हाळा आणि पावसाळा मी कसा काढला, ते सगळं सांगत नाही, कंटाळाल. खिडकीच्या गजाला टॉवेल बांधून ओढायचा. गज धरून अर्धं खाली बसायचं आणि उठायचं. डुगडुगणाऱ्या फळीवर उभं राहायचं आणि नसरीननं बाजूनं ढकललं तरी पडायचं नाही. पहिल्यांदा त्या फळीवर उभी राहिले तेव्हा मी तिच्या ओढणीला असा हात घातला की तीच पडायची बाकी होती.

हाताची एक गंमत झाली. बोटं आधी मिटायला लागली, उघडायला फार उशीर लागला. मी पेला धरायची आणि मग तो सुटायचाच नाही. सविता येऊन एकेक बोट सोडवायची. मला रडू आलं तर नसरीन म्हणाली, "रडता कशाला? झोक्याला धरायलाच लागतंय. सोडायचं नंतर शिकू."

बघा, हाच फरक होता. तोच हात, तीच बोटं. "सुनेला त्रास नको" म्हणून मी पेला उचलायची तेव्हा न उचलता आल्यावर अपराधी वाटायचं आणि मी पांघरूण ओढून पडायची. दोर धरायचाय म्हटल्यावर मिटलेली मूठसुद्धा कमाई वाटायला लागली. दुसऱ्यासाठी बरं व्हायला गेलं की दुखायला लागल्यावर माणूस थांबतं. आपल्याला हवं असलं की ते दुखणं वाटेतला खड्डा होतं, चुकवून पुढं जाता येतं. आणि येळवस काही माझ्यासाठी थांबणार नव्हती. अमावस्या यायची तेव्हा येणार. तसा एक दिवस पुढं ठरलेला असावा, नाहीतर सगळं "बघू की" वर जातं.

ध्येय म्हटलं की मला शाळेच्या भिंतीवरची वाक्यं आठवायची. मोठ्या माणसांचं, परीक्षेचं, नोकरीचं काहीतरी. म्हातारीला, त्यातून अर्धं अंग गेलेल्या म्हातारीला, कसलं आलंय ध्येय? पण खरं सांगते, धडधाकट माणूस एखादवेळी त्याच्यावाचून चालवून घेईल. खाटेवरच्या माणसाचं चालत नाही.

सविता शाळेत परत गेली. सकाळचा व्यायाम मी स्वतःच्या स्वतः करायला लागले. एका रविवारी मी न्हाणीतून एकटी बाहेर आले तर ती दारात उभी होती, टॉवेल घेऊन, आत यायच्या तयारीत. ती म्हणाली, "मग मी आता काय करू?" मी म्हणाले, "चहा पी बसून."

दिवाळीत मात्र मी पडले. अंगणात, पणत्या बघता बघता, काही न करता. हाड मोडलं नाही, पण कंबर काळीनिळी झाली आणि दत्तानं सगळं बंद केलं. "बास. व्यायाम नाही, गाव नाही, येळवस नाही. आई, मी तुला लातूरला बघितलंय. मला पुन्हा तसं बघायचं नाही."

त्याचा आवाज फाटला तेव्हा मला कळलं. पोरगा चिडलेला नव्हता, भ्यायलेला होता. मी त्याला जवळ बसवलं.

"दत्ता, तुझी भीती खरी हाय. माझी पण हाय. पण मी या खुर्चीत बसून राहिले तरी पडायची ती पडणारच. आत्ताच पडले की, झोका कुठं होता?"

मालक कोपऱ्यातून म्हणाले, "तिनं आयुष्यात काय मागितलेलं मला आठवत न्हाई. आता मागायलीय तर देऊ की."

दत्तानं मला डॉक्टरांकडं नेलं, तेच नाही म्हणतील या आशेनं. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, मला एका पायावर उभं केलं, हात दाबायला लावला. म्हणाले, गोळ्या चुकवायच्या नाहीत, दोन्ही बाजूंना माणसं पाहिजेत, आणि चक्कर आली तर लगेच उतरायचं. मग दत्ताकडं बघून म्हणाले, "फळी रुंद घ्या."

येळवस

आम्ही आदल्या दिवशी गावी गेलो. मला वाटलं होतं गुपचूप उरकावं. पण महानंदाच्या पोटात काही राहतं का? सगळ्या गावाला माहीत झालेलं. आमच्या शेतात जेवायला नेहमीपेक्षा जास्त माणसं, आणि सगळ्यांचे डोळे चिंचेच्या झाडाकडं.

मालकांनी नवा दोर आणला होता. आधी त्यांनी स्वतः लोंबकळून बघितला, मग दत्ताला लोंबकळायला लावलं. रुंद फळी बसवली. पूजा झाली, शेतात आंबील शिंपडून झाली, पंगती बसल्या. मला कुणी वाढायला उठू दिलं नाही. मला घास जात नव्हता. मनात आलं, बसूनच घ्यावा झोका. कोण काय म्हणणार आहे? सगळे उलट कौतुकच करतील.

मग मी उठले. दत्तानं एका बाजूनं धरलं, सवितानं दुसऱ्या. उजवा हात दोराला लावला आणि बोटं मिटली. सुटायचं नाव न घेणारी माझी बोटं! आधी डावा पाय फळीवर. उजवा उचलला, घसरला. पुन्हा उचलला, सवितानं हातानं टेकवला. उभी राहिले. फळी हलली. डुगडुगत्या फळीवर नसरीन ओरडायची, "पोट आत, माय, पोट आत!" मी पोट आत घेतलं.

"सोडा," मी म्हणाले.

सवितानं सोडलं. दत्तानं सोडलं नाही.

"दत्ता, सोड."

"आई..."

"सोड रे लेकरा."

त्यानं हात काढले, पण तिथंच पसरून उभा राहिला. मालकांनी मागून हळूच ढकललं. झोका पुढं गेला, मागं आला. मी गुडघे वाकवले. डावा वाकला, उजवा जरा उशिरा वाकला, पण वाकला! पुन्हा पुढं, पुन्हा मागं. गुडघ्यांना आठवत होतं. डोक्याला आठवत नव्हतं ते गुडघ्यांना आठवत होतं, कधी दाबायचं, कधी सैल सोडायचं. झोका चढायला लागला. ज्वारीची कणसं डोळ्यांखाली आली. कोपी खाली गेली. नऊवारीचा काष्टा फडफड वाजायला लागला. कुणीतरी शिट्टी मारली, कोण ते अजून कळलेलं नाही, पण मला मालकांचाच संशय आहे.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. सविता म्हणते, शब्द नव्हताच, नुसता आवाज होता.

चिंचेचा शेंडा लांबच राहिला. अंगठे तिथवर पोचले नाहीत, पोचणारही नाहीत. माझ्या उजव्या हाताला अजून साडीची पिन लावता येत नाही, लांब चालले की पाय ओढतो. सगळं परत आलं असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण त्या फळीवर मी उभी होते आणि मला धरलेलं कुणीही नव्हतं.

खाली बघितलं तर बाया पदर खोचून ओळीनं उभ्या. साठीच्या, सत्तरीच्या, सगळ्या. गेली कैक वर्षं त्यांनीही वाढून वाढून हात धुतले होते. सर्वांत पुढं महानंदा, कमरेवर हात ठेवून.

"बाई, उतर की आता! म्या काय जन्मभर आंबीलच वाटत बसू का?"

"थांब गं," मी वरून म्हणाले, आणि गुडघे वाकवून अजून जोरात चढवला.